चौसष्ट घरांची संख्या

प्रस्तावना

हे पुस्तक एकाच संख्येविषयी आहे. ती अशी : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

वीस अंकांची ही संख्या २ च्या ६४ व्या घातातून १ वजा केला की मिळते. बुद्धिबळाच्या पटावरच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवायचा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दर घराला दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जायचे, तर एकूण दाणे किती? त्या जुन्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. गोष्ट बहुतेकांना लहानपणापासून ठाऊक असते. राजाचे कोठार रिकामे होते, शहाण्या माणसाची सरशी होते आणि ऐकणारा उत्तराचा आकडा पाहून तोंडात बोट घालतो. त्या आकड्याकडे पुन्हा कोणी वळून पाहत नाही. मला तो आकडाच सांगायचा आहे. संख्या किती मोठी आहे यावरून तिच्याबद्दल फार थोडे कळते. ती कशी घडली आहे हे पाहिले की ती बोलू लागते. आणि ही घडण पाहायला आठवीच्या बीजगणितापलीकडे फारसे काही लागत नाही. पुस्तक लिहिण्यामागे ही एकच खात्री आहे.

तरीही आधी आकाराशी ओळख करून घेतलेली बरी. आपल्याकडे मोठ्या संख्या वाचण्याची सोय फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत, परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या नावांनी आपली संख्या वाचायची तर ती अशी होईल : एकशे चौऱ्याऐंशी परार्ध, चार मध्य, सहा अंत्य, सात जलधी, चार शंकू, चार महापद्म, निखर्व नाही, सात खर्व, तीन अब्ज, सात अर्बुद, कोटी नाही, नऊ प्रयुत, पाच लक्ष, पाच अयुत, एक सहस्र, सहाशे पंधरा. मोठ्याने वाचून पाहिली की प्रत्येक अंकाला स्वतःची जागा आहे हे जाणवते, आणि नुसत्या आकड्यांच्या रांगेचे दडपण कमी होते.

आता दाण्यांकडे पाहू. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण ४० ग्रॅम धरू. पटाच्या पहिल्या चार रांगांत, म्हणजे अर्ध्या पटावर, ४,२९,४९,६७,२९५ दाणे बसतात. त्यांचे वजन सुमारे १७२ टन. दहा टन भरणारे सतरा-अठरा ट्रक लावले की काम झाले. कोणत्याही राजाला हे देणे जड नव्हते. पण तेहेतिसाव्या एकट्या घरात ४,२९,४९,६७,२९६ दाणे येतात, म्हणजे आधीच्या संपूर्ण अर्ध्या पटापेक्षा एक जास्त. तिथून पुढची चार रांगांची वाट एकूण सुमारे ७३,८०० कोटी टनांवर जाऊन पोचते. आज साऱ्या जगात वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे नऊशेहून अधिक वर्षांचे जगभराचे पीक त्या पटावर ओतावे लागेल. दुपटीचा स्वभावच असा आहे : निम्मी वाट सरेपर्यंत ती हाताशी वाटते, आणि जे काही घडायचे ते उरलेल्या वाटेवर घडते. साथीचे रोग, चक्रवाढ व्याज, पेशींचे विभाजन यांच्याकडे पाहताना हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ही गोष्ट कुठून आली याचा माग काढताना पहिला भक्कम मुक्काम अल् बिरुनीपाशी लागतो. इसवी सन १००० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या कालगणनेवरच्या ग्रंथात त्याने ही संख्या शेवटच्या अंकापर्यंत बरोबर दिली आहे. तेराव्या शतकातला चरित्रकार इब्न खल्लिकान हीच गोष्ट सिस्सा नावाच्या माणसाच्या नावावर सांगतो. बेरीज इतकी मोठी होते यावर त्याचा आधी विश्वास बसला नव्हता. अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनिसाने कागदावर मांडून दाखवल्यावर तो बसला, हेही तो प्रांजळपणे नोंदवतो. केरळात अंबलपुळाच्या कृष्णमंदिराशी हीच कथा जोडलेली आहे. तिथे राजासमोर पटावर बसलेला म्हातारा म्हणजे प्रत्यक्ष श्रीकृष्ण, दाणे तांदळाचे, आणि देणे एका दिवसात फिटत नाही म्हणून राजाने मंदिरात रोज पायस वाटायला सुरुवात केली असे सांगतात. देश बदलतो, धान्य बदलते, राजा बदलतो. उत्तर मात्र एका दाण्यानेही इकडचे तिकडे होत नाही.

हे उत्तर काढायचे कसे? चौसष्ट वेळा दुप्पट करणे हा सरळ मार्ग. पण त्यात हात दुखतो आणि चुकाही होतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘छंदःशास्त्रा’त पिंगलाने याहून आखूड मार्ग सांगून ठेवला आहे. त्याच्यापुढचा प्रश्न दाण्यांचा नव्हता, वृत्तांचा होता. चरणातले प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असते. मग अमुक इतक्या अक्षरांच्या चरणाचे एकूण प्रकार किती? एका अक्षराचे दोन, दोन अक्षरांचे चार, तीन अक्षरांचे आठ. म्हणजे अक्षरे जितकी, तितका २ चा घात. पिंगल सांगतो की घातांक सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर त्यातून एक काढा, आणि असे शून्यापर्यंत जा. मग उलटे फिरा : जिथे एक काढला होता तिथे दुप्पट करा, जिथे निम्मे केले होते तिथे वर्ग करा. ६४ चे निम्मे करत गेले की ३२, १६, ८, ४, २, १. म्हणजे २ पासून निघून केवळ सहा वेळा वर्ग करायचा :

२, ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६ आणि सहाव्या पायरीवर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६.

चौसष्ट पायऱ्यांचा जिना सहा पायऱ्यांत चढता येतो. अल् बिरुनीही वर्ग करतच या उत्तराशी पोचला. आज संगणकाला मोठे घात काढायचे असतात तेव्हा तोही याच निम्मे करण्याच्या आणि वर्ग करण्याच्या क्रमाने जातो. शेवटचा वर्ग कागदावर करायला एखादा तास लागेल. वाचकाने तो एकदा तरी स्वतः करावा असा माझा आग्रह आहे, कारण आपल्या हाताने काढलेल्या संख्येशी नाते वेगळे जडते.

शेवटच्या घरात २ चा ६३ वा घात इतके दाणे असतात आणि सगळ्या घरांची बेरीज २ च्या ६४ व्या घाताहून एकाने कमी येते. असे का? पहिल्या घरात उसना एक दाणा टाकून पाहा. एक आणि एक दोन. हे दुसऱ्या घरातल्या दोनांत मिळवले की चार. ते तिसऱ्यातल्या चारांत मिळवले की आठ. असे सरकत गेले की चौसष्टावे घर ओलांडताना हातात २ चा ६४ वा घात असतो. शेवटी उसना दाणा परत केला की आपली संख्या उरते. एवढ्या प्रचंड बेरजेची संपूर्ण सिद्धता या एका उसन्या दाण्यात आहे.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त याच जातीचे उदाहरण घातले आहे. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे कबूल केले. तर महिन्याभरात त्याने किती निष्क दिले? तीस दिवसांच्या कवड्या होतात २,१४,७४,८३,६४६. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क, या कोष्टकाने उत्तर येते १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण गावी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी सह्याद्रीच्या पायथ्याशी बसून मुले हे कवड्यांचे गणित सोडवत असतील, ही कल्पना मला फार भावते.

या उत्तरात एक कवडी मिळवली की २,१४,७४,८३,६४७ ही संख्या येते, आणि तिचे भाग्य वेगळेच आहे. ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये हे सिद्ध केले, तेव्हा ती माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या ठरली. हीच संख्या आजच्या संगणकांतही भेटते. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या प्रणाली या संख्येपर्यंतच मोजू शकतात. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी त्यांची मोजणी संपेल. म्हणूनच आजच्या प्रणाली ६४ बिटांवर आणल्या जात आहेत. लीलावतीतल्या दात्याची महिन्याची कवड्यांची रास आणि जुन्या संगणकाच्या घड्याळाची मर्यादा यांत फक्त एकाचा फरक आहे, आणि त्यात योगायोग काही नाही. दोन्हीकडे दुपटीचीच गती आहे.

चौसष्ट बिटांवर आलो की आपण आपल्या संख्येपाशी परत येतो. संगणक ज्या द्विमान पद्धतीने संख्या लिहितो, तिच्यात ० आणि १ हे दोनच अंक असतात आणि प्रत्येक स्थानाची किंमत उजवीकडच्या स्थानाच्या दुप्पट असते. बुद्धिबळाचा पट म्हणजे नेमकी अशी चौसष्ट स्थाने. त्या पद्धतीने आपली संख्या लिहिली की एकापुढे एक असे चौसष्ट एक उमटतात, मध्ये एकही शून्य नाही. चौसष्ट बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी पूर्ण संख्या. तिच्यात आणखी एक मिळवला की चौसष्टही स्थाने शून्य होतात, आणि हातचा एक ठेवायला जागा उरत नाही.

आता तिचे अवयव पाहू, कारण माझ्या दृष्टीने या पुस्तकाचा गाभा तिथे आहे. शाळेत शिकलेले वर्गांतराचे सूत्र घ्या : दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या संख्यांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी. २ चा ६४ वा घात हा २ च्या ३२ व्या घाताचा वर्ग आहे आणि १ हा १ चा वर्ग आहे. म्हणून आपल्या संख्येचे दोन तुकडे होतात : ४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७. पहिल्या तुकड्याला पुन्हा हेच सूत्र लावता येते, त्यातून निघालेल्या धाकट्या तुकड्यालाही, आणि असे करत अगदी १ पर्यंत जाता येते. शेवटी हाती येते ते असे : ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७. वीस अंकी संख्या, एकही भागाकार न करता, एका सूत्राने सहा तुकड्यांत उलगडली.

हे सहा तुकडे साधे नाहीत. सतराव्या शतकातले फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांचे या संख्यांवर विशेष प्रेम होते. २, ४, १६, २५६ या वर्गांच्या माळेतल्या प्रत्येक संख्येत एक मिळवला की फर्मा संख्या मिळते. पहिल्या पाच, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७, या मूळ संख्या आहेत. १६४० च्या सुमारास लिहिलेल्या पत्रांत फर्मा यांनी अंदाज बांधला की पुढच्या साऱ्याही मूळच असाव्यात. सहावी ४,२९,४९,६७,२९७ इतकी मोठी होती की जवळजवळ शंभर वर्षे तिच्याबद्दल कोणी निर्णय देऊ शकले नाही. १७३२ मध्ये ऑयलर यांनी दाखवून दिले की तिला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. या फर्मा संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून आलेला असावाच लागतो, हेही त्यांनी पुढे सिद्ध केले. त्या चाळणीतून गेले तर १९३, २५७, ४४९, ५७७ यांच्यानंतर पाचव्याच प्रयत्नात ६४१ हाती लागते.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करता पटवून घेण्याची एक रीत आहे. गणितातल्या ज्या थोड्या गोष्टी मला पुन्हापुन्हा पाहाव्याशा वाटतात, त्यांत ही एक. ६४१ दोन प्रकारे लिहिता येते. पहिला प्रकार : ५ × १२८ + १, आणि १२८ हा २ चा ७ वा घात. दुसरा प्रकार : ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. आता सगळीकडे ६४१ ने भागून उरणारी बाकीच तेवढी पाहायची. पहिल्या प्रकारावरून ५ × १२८ ची बाकी उणे १. तिचा चौथा घात केला की ६२५ × (२ चा २८ वा घात) याची बाकी १. दुसऱ्या प्रकारावरून ६२५ च्या जागी उणे १६ घेतले तरी बाकी बदलत नाही. १६ म्हणजे २ चा ४ था घात. तो २८ व्या घाताला गुणला की ३२ वा घात होतो. म्हणजे उणे (२ चा ३२ वा घात) याची बाकी १. याचाच अर्थ २ चा ३२ वा घात अधिक १ यात ६४१ पूर्ण मावते. इतकेच. पेन्सिलीच्या पाच ओळींत एका थोर गणितज्ञाचा अंदाज कोसळतो आणि फर्मांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. त्यांनी प्रश्न विचारला नसता तर ही वाट कोणी चाललेच नसते.

तेव्हा आपल्या संख्येचे मूळ अवयव सात : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. प्रत्येक एकदाच येतो. यांतल्या पाच फर्मा मूळ संख्यांपलीकडे सहावी अशी संख्या आजवर कोणालाही सापडलेली नाही. सहाव्यापासून पुढच्या अठ्ठावीस फर्मा संख्या संयुक्त आहेत हे सिद्ध झाले आहे. त्यांच्याही पुढे एखादी मूळ आहे की नाही, हा प्रश्न उघडा आहे.

या पाचांचे नाते भूमितीशी जुळले ते १७९६ मध्ये. कार्ल फ्रेडरिक गाउस तेव्हा अठरा वर्षांचे होते. फक्त कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून सतरा समान बाजूंची सुसम आकृती काढता येते, हे त्यांनी दाखवले. ग्रीकांच्या काळापासून दोन हजार वर्षांत त्रिकोण, पंचकोन आणि पंधरा बाजूंची आकृती एवढ्याच विषम बाजूंच्या आकृत्या जमल्या होत्या. गाउस यांच्या शोधाचे मर्म असे की विषम बाजूंची आकृती जमण्यासाठी बाजूंची संख्या वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. याखेरीज दुसरी कोणतीही चालत नाही, या भागाची सिद्धता पिएर वांत्झेल यांनी १८३७ मध्ये पुरी केली. पाच फर्मा मूळ संख्यांमधून असे एकतीस गुणाकार होतात आणि सर्वांत मोठा असतो ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे अर्ध्या पटावरच्या दाण्यांची नेमकी संख्या. योहान हर्मेस या जर्मन गणितज्ञाने ६५,५३७ बाजूंच्या आकृतीची रचना लिहून काढण्यात दहा वर्षे घालवली. १८९४ मध्ये पुरे झालेले ते दोनशेहून अधिक पानांचे हस्तलिखित गटिंगेनला जपून ठेवले आहे. अशा माणसांपुढे मान लववावीशी वाटते.

हेच गुणाकार आणखी एका ठिकाणी आढळतात, आणि ती जागा आपल्या ओळखीची आहे. पिंगलाच्या सूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधाने टीका लिहिली. तिच्यात मेरुप्रस्तार येतो : शिखरावर १, आणि खाली प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज. जग त्याला पास्कलचा त्रिकोण म्हणते. या मेरूत विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा. ओळी अशा होतात : १, ११, १०१, ११११, १०००१, ११००११. त्या द्विमान पद्धतीने वाचा : १, ३, ५, १५, १७, ५१. पुढे ८५, २५५, २५७. पहिल्या बत्तीस ओळींत १ आणि वर सांगितलेले एकतीस गुणाकार क्रमाने उतरतात. एकही सुटत नाही, एकही जास्तीचा येत नाही. असेच खाली जात राहा. चौसष्टाव्या ओळीत चौसष्ट एक उभे असतात, आणि ती आपली संख्या असते. वृत्तांचे प्रकार मोजायला रचलेल्या मेरूत बुद्धिबळाचे दाणे आणि गाउस यांच्या आकृत्या एकत्र नांदतात. याची सिद्धता चौथ्या प्रकरणात दिली आहे आणि ती अवघड नाही.

पाचवे प्रकरण एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाचे. १८८३ मध्ये त्यांनी एक खेळ बाजारात आणला : तीन खुंट्या आणि एका खुंटीवर लहानावर मोठी न येईल अशा रचलेल्या चकत्या. एका वेळी एकच चकती हलवायची, मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही आणि सारा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. खेळाबरोबर एक काल्पनिक कथाही पसरली. काशीच्या मंदिरात हिऱ्याच्या तीन सुया आहेत, एकीवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या आहेत, पुजारी त्या रात्रंदिवस हलवत आहेत, आणि काम संपेल तेव्हा जगाचा अंत होईल. तळाची चकती हलवायची तर वरच्या त्रेसष्ट आधी बाजूला काढाव्या लागतात आणि नंतर पुन्हा तिच्यावर रचाव्या लागतात. म्हणजे प्रत्येक नवी चकती आधीच्या चालींची दुप्पट करून एक मिळवते : १, ३, ७, १५, ३१. चौसष्टाव्या चकतीला आपलीच संख्या येते. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८,४५४ कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय आज सुमारे १,३८० कोटी वर्षे मानतात. त्याच्या बेचाळीस पट हा काळ. कथा काशीची म्हणून मी तो पुराणांच्या मापानेही मोजून पाहिला. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे ४३२ कोटी वर्षांचा कल्प, आणि रात्रही तेवढीच. त्या हिशेबाने पुजाऱ्यांचे काम ब्रह्मदेवाचा अडुसष्टावा अहोरात्र पुरा व्हायच्या आत संपते. ब्रह्मदेवाचे आयुष्य शंभर वर्षांचे; त्यातले हे सव्वादोन महिने. आपल्या पूर्वजांनी काळाची कल्पना केवढ्या मापाने केली होती, हे या एका भागाकारातून जितके कळते तितके वर्णनातून कळत नाही.

संख्यांच्या गमतींबद्दल बोलताना एक भेद लक्षात ठेवायला हवा. काही गुण संख्येचे असतात, काही तिच्या लिखाणाचे. सात मूळ अवयव हा संख्येचा गुण. ती कोणत्याही लिपीत, कोणत्याही पद्धतीत लिहिली तरी तो टिकतो. अंकांची बेरीज हा दशमान लिखाणाचा गुण. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८७ येते, पुढे १५, पुढे ६. म्हणजे ९ ने भागल्यावर बाकी ६. घाताकडून जाऊन पाहू : २ चा ६ वा घात ६४, त्याची बाकी १; म्हणून ६४ व्या घाताची बाकी चौथ्या घाताइतकीच, १६ ची, म्हणजे ७; एक वजा केला की ६. दोन्ही वाटा एकाच जागी आल्या, तर वीस अंक लिहिताना चूक झाली नसावी असा दिलासा मिळतो.

लिखाणातल्या गमती म्हणून त्या हलक्या, असे मात्र मी मानत नाही. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी आयुष्यभर अंकांवर प्रेम केले आणि १९४९ मध्ये ६१७४ चा शोध जगापुढे ठेवला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर तेच करत राहा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते. आपल्या संख्येचे शेवटचे चार अंक १६१५ घेऊन पाहू. ६५११ − ११५६ = ५३५५. ५५५३ − ३५५५ = १९९८. ९९८१ − १८९९ = ८०८२. ८८२० − ०२८८ = ८५३२. ८५३२ − २३५८ = ६१७४. पाच पायऱ्यांत पोचलो. वही आणि पेन्सिल एवढ्या साधनांवर एका शिक्षकाने जगाच्या गणितात आपले नाव लावले, हे मराठी मुलांना पुन्हापुन्हा सांगायला हवे.

शेवटच्या प्रकरणात आपल्या संख्येचे शेजारी आहेत. तिच्याहून दोनाने मोठी संख्या, २ चा ६४ वा घात अधिक १, ही सातवी फर्मा संख्या. वर्गांतराचे सूत्र तिला लागत नाही, म्हणून ती फोडायला फार कष्ट पडले. तिचे अवयव २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ हे फोर्त्युने लांद्री यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केले, वयाची ऐंशी उलटून गेल्यावर. पट आणखी तीन घरांनी वाढवला तर बेरीज होते १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही संयुक्त आहे हे ल्युका यांनी १८७६ मध्ये सिद्ध केले होते, पण अवयव मात्र त्यांना देता आले नाहीत. ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी दिले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. आकाराने या तिन्ही संख्या जवळजवळच्या. पण ६४ हा घातांक निम्मा होत होत १ पर्यंत जातो आणि प्रत्येक निम्म्याला एक अवयव पदरात टाकतो. ६७ निम्मा होत नाही आणि काहीच हाती देत नाही. आज पैशांचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या एका प्रचलित पद्धतीत सहाशेहून अधिक अंकांच्या संख्या वापरतात, आणि त्या मुद्दाम अशा निवडतात की त्यांच्या घडणीला बाहेरून कुठेच हात लागू नये.

पुस्तक वाचताना जवळ वही असू द्यावी. प्रकरणे क्रमाने वाचली तर उत्तम, पण मेरूचे प्रकरण आधी वाचले तरी अडणार नाही. शिक्षकांना एक सुचवतो : दाण्यांची गोष्ट वर्गात सांगितल्यावर उत्तर फळ्यावर लिहून थांबू नये. मुलांना आधी त्याचे अवयव पाडू द्यावेत; वर्गांतराचे सूत्र त्यांना इतके उपयोगी पडलेले दुसरीकडे क्वचितच दिसेल.

आणि वाचकाला एक काम देऊन ही प्रस्तावना पुरी करतो. सात मूळ अवयवांपैकी प्रत्येक एकतर घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून आपल्या संख्येला नेमके १२८ विभाजक आहेत, सात अक्षरांच्या चरणाचे लघू-गुरूंचे प्रकार असतात तितकेच. पिंगलाच्या प्रस्ताराप्रमाणे घेतल्याच्या जागी लघू आणि सोडल्याच्या जागी गुरू अशी खूण करत गेले, तर एकही न गाळता आणि एकही दुसऱ्यांदा न लिहिता ती यादी पुरी होते. ती करायला बसावे. पहिला विभाजक १ असेल आणि शेवटचा ही संख्या स्वतः. मधले १२६ ज्याने आपल्या हाताने लिहिले, त्याला ही संख्या मोठी वाटेल, पण परकी वाटणार नाही.